अकोल्याने पसंत केलेली सूज

माझा धाकटा भाऊ पहिल्यापासून बारीक. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्याला आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. मी अमरावतीत वर्तमानपत्राच्या कचेरीत असतो, तो मळ्यात. वांगी, मेथी, दसऱ्याच्या सुमारास झेंडू. काम दोघांचं करतो, पण दिसतो वालाच्या वेलाला लावलेल्या काठीसारखा. आमच्या भागात बारीक नवरदेवाबद्दल दोनच शंका घेतल्या जातात: पितो, नाहीतर आतून काहीतरी आहे. मुलीकडचे येत, पोहे खात, मळा पाहत आणि ‘कळवतो’ म्हणून जात. कळवत कोणीच नसे.

गेल्या हिवाळ्यात त्याला फ्लू झाला. ताप, खोकला, अंग ठेचून काढल्यासारखं. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलमधून त्यानेच आणल्या आणि चण्याफुटाण्यांसारख्या खाल्ल्या. ताप उतरला, खोकला गेला, आजार संपल्याचं घराने ठरवलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याचा चेहरा भरू लागला.

पहिल्यांदा मामांच्या लक्षात आलं. आईचे हे भाऊ तिवशाला राहतात आणि घरातली सगळी लग्नं जुळवतात.

“काय रे, आता कसा माणूस दिसून राहिला,” ते म्हणाले. “इतके दिवस नुसता सांगाडा होता.”

“डिंकाचे लाडू देऊन राहिली न मी,” आई म्हणाली.

“लाडवानं नाही होत, बाई. म्या जवसाचं तेल सांगतलं होतं, थ्याचा गुण हाय.”

श्रेयाचा हा वाद मिटला नाही. भावाचं तोंड बेचव झालं होतं, म्हणून आई त्याला रोज ठेचा, लोणचं, पापड वाढत होती. सकाळी त्याचे डोळे जेमतेम उघडत. झोप चांगली लागते, असा त्याचा अर्थ लावला गेला. संध्याकाळी बूट पायात जाईनासे झाले, तेव्हा आई म्हणाली, “पायबी भरले.” भेटायला येणारा प्रत्येक जण अभिनंदन करून जाई.

ही संधी मामांनी दवडली नाही. त्याच चेहऱ्याचा फोटो काढून अकोल्याला पाठवला. तिथलं एक फुलवाल्यांचं घर, मुलगी शाळेत शिक्षिका. फोटो पसंत पडला. पाहणी आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, एकाच दिवशी उरकू, म्हणून त्यांनी अंगठीसाठी बोटाचं माप मागवलं. माप घेताना सोनाराने भावाचं बोट कौतुकाने निरखलं आणि मोठा घेर कळवला.

ठरल्या दिवशी आम्ही अकोल्याला गेलो. नवरदेव नव्या शर्टात आणि जुन्या चपलेत होता. मुलीची आई माझ्या आईला म्हणाली, “फोटोपेक्षा प्रत्यक्षात चांगले दिसतात जी.” आई लाजली, जणू तिलाच म्हटलं. पोहे झाले. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवण्यात आलं. बायकांनी कुंकवाचं ताट भरायला घेतलं.

दोघं लवकरच खाली आले. मुलगी सरळ वडिलांसमोर उभी राहिली.

“बाबा, साक्षगंध आज नको. यांना आधी डॉक्टरकडे न्यायला सांगा.”

“काहून? काय झालं?”

“जिन्यात दोनदा दम लागला यांना. आणखी बरंच आहे. घरी विचारा म्हणावं.”

परतीच्या वाटेवर गाडीने मूर्तिजापूर ओलांडलं. मग मामांनी तोंड उघडलं. “काय सांगतलं बे तू तिले?”

“थे म्हणे, दम कायनं लागला. मंग म्या सांगतलं. लघवी काया चहासारखी होऊन राहिली, वरून फेस येते.”

“अशा गोष्टी पोरीले सांगते का कोणी?” आई म्हणाली. “अन् थे पोरगी तरी कशी. पयल्याच भेटीत लघवीवर आली.”

“आमाले काहून नाही सांगतलं?” मी विचारलं.

“तुमी इचारलंच नाही, दादा. सारे म्हणत होते तब्येत मस्त हाय. मले वाटलं, असन मस्त.”

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याच्या नडगीवर अंगठा दाबून उचलला. खड्डा तसाच राहिला. मामा त्या खड्ड्याकडे पाहत राहिले. रक्तदाब फार वाढला होता. डॉक्टरांनी साध्या शब्दांत सांगितलं: विषाणूशी लढताना शरीराने स्वतःच्याच किडनीच्या गाळण्यांना सूज आणली आहे; वरून गोळ्यांचा मारा झाला. बहुतेकांची किडनी सावरते, काहींची नाही. याचं काय होईल ते आज सांगता येणार नाही.

“पण वजन वाढलं थे?” आईने विचारलं.

“पाणी.”

“सारं?”

“सारं.”

भाऊ भरती झाला. मीठ बंद, अंगदुखीच्या गोळ्या बंद, पाणी मोजून. किडनी राहते की जाते, या प्रश्नावर घरात पहिल्यांदाच कोणाकडे उपाय नव्हता. सूज हळूहळू उतरली, लघवीचा रंग निवळला आणि जुना काठीसारखा भाऊ परत आला. मग भेटायला येणारेही परत आले, या वेळी सांत्वन करायला. “केवढा वाळला व माय,” असं म्हणून बायकांनी पदर डोळ्यांना लावला. तो सुजला होता, तेव्हा याच बायकांनी दृष्ट काढली होती.

अकोल्याहून मुलीचे काका येऊन पाहून गेले आणि पोरगा अर्धाच उरल्याची बातमी त्यांनी घरी दिली. मुलीच्या वडिलांनी नकाराला कारण शोधायला पत्रिका पुन्हा काढली. मुलीने मात्र तपासण्यांचे कागद मागवले, शाळेतल्या बाईंच्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवले आणि होकार कळवला. आमच्या घराला ‘कळवतो’नंतर खरोखर आलेलं हे पहिलंच उत्तर.

साक्षगंधात अंगठी बोटातून खाली पडली. तिला दोरा गुंडाळून वेळ निभावून नेली.

“लहान नका करू,” आईने बजावलं. “लग्नानंतर अंग भरन त्याचं.”

सुनेने लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती लहान करून आणली. किडनी सावरली आहे, पण डॉक्टर अजून अधूनमधून तपासायला बोलावतात. मधल्या काळात तपासणी घरीच होते. रोज सकाळी ती त्याचा हात हातात घेऊन अंगठी फिरवून पाहते. सहज फिरली, तर चहा ठेवते. आईला वाटतं, नव्या नवलाईचं प्रेम आहे. म्हणून आई तेवढ्यापुरती समोरून उठून जाते.