क्रेनभाऊंचा अंगठा

क्रेनभाऊ कुठलीही वस्तू हलवण्याआधी तिच्या खाली बघत. जेवणाचं ताट सरकवायचं असो की अंगणातली खाट, आधी घसा खाकरायचा, मग वाकून विचारायचं, "खाली कोन हाय?" पोलादाच्या प्लांटमध्ये जन्मभर क्रेन चालवलेली. घंटा दिल्याशिवाय आणि खालचा माणूस बाजूला झाल्याशिवाय लोड उचलायचा नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधल्या मांजरांचा त्यांच्यावर फार जीव होता.

मी समोरच्या क्वार्टरमध्ये. तेव्हा साठीची कोवळी पोर, त्याच प्लांटच्या कॉम्प्युटर विभागातून नुकतीच निवृत्त झालेली, आणि दुर्गपासून नंदिनीपर्यंत आपल्याइतकी हुशार बाई नाही अशी पक्की समजूत. घरी बसवेना, म्हणून म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवायला घेतलं. (स्वतःला मी म्हाताऱ्यांत धरलं नव्हतं.) वेळ झाली की घंटा वाजणार, 'घेतली' हे बटण दाबलं की ती थांबणार आणि पडद्यावर हिरवी खूण उमटणार. कच्चं ॲप तयार होताच शेजारच्या पाच जणांना व्हरांड्यात बसवलं. त्यात क्रेनभाऊ आणि त्यांच्या पत्नी, विमलवहिनी.

भाऊंनी अंगठा बटणावर अधांतरी धरला. "हे दाबलं त खाली कोन हाय?"

"भाऊ, हा फोन आहे, क्रेन नाही," मी हसले. मग प्रत्येकाच्या कानाशी लागून कुठे दाबायचं ते सांगत सुटले. शेवटी भाऊच म्हणाले, "ताई, मी केबिनमधी बसलो का इंजिनियर माह्या मांडीवर नव्हता बसत. तुमी गप बसा. आमाले चुकू द्या."

गप्प बसणं मला जड गेलं. "माह्या एका अंगठ्याखाली तीन बटनं येऊन राहिले. अंगठा छाटू का?" हेही ऐकून घेतलं. बटणं मोठी केली, पण वहीत लिहिलं, 'वापरणारे अडाणी.' ती वही मी नातवंडांपासून लपवून ठेवली आहे.

नंतर पंधरा दिवस ॲप सगळ्यांच्या घरी राहिलं. माझ्या फोनवर विमलवहिनींच्या नावापुढे रोज हिरवी खूण. सिविक सेंटरच्या बाजारात भेटेल त्याला मी फोन काढून दाखवत होते. आणि एक दिवस भाऊ आले, त्यांनी माझ्या टेबलावर गोळ्यांचा डबा उपडा केला. चार गोळ्या. वहिनींना मिरगी होती. गोळी चुकली तर त्या शेगडीपाशीही कोसळू शकत होत्या.

"तुमच्या फोनात समदं हिरवं हाय," भाऊ आवाज न चढवता म्हणाले, "अन् गोळ्या इथं."

"पण त्यांनी न घेता बटण दाबलं कशाला? ही तर वापरणाऱ्याची चूक."

"लोड पडला त आमी खालच्याची चूक नाही म्हनत, ताई. कावून दाबलं, ते तिले इचारा ना."

विचारलं. वहिनी म्हणाल्या, "हात कनकेत होते, माय. थो भोंगा बोंबलून राहिला होता. दाबलं. गोळी मंग घेतो म्हटलं, अन् राहूनच गेलं."

घंटा गप करायला मी दुसरा मार्गच ठेवला नव्हता.

त्यानंतर ते ॲप सात वेळा बदललं. 'आवाज बंद' वेगळं, 'घेतली' वेगळं. नुसता आवाज बंद केला तर दहा मिनिटांनी पुन्हा घंटा. प्रत्येक वेळी भाऊ चष्मा पुसून तपासायला बसत आणि मी तोंडावर पदर धरून बसे. शेवटची दुरुस्ती त्यांचीच. अर्ध्या तासात 'घेतली' आलं नाही, तर दुसऱ्या कुणाचा तरी फोन वाजला पाहिजे. मी त्यांच्या पुण्याच्या मुलाचा नंबर टाकायला लागले, तर माझा हात धरला. "पोरगा तिथून हात हालवून का करन? समोर उभा मानूस पायजे. तुमचा टाका." मला विचारलंसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वी भाऊ गेले. वहिनी मुलाकडे जायला तयार नाहीत, एकट्याच राहतात. भाऊ गेल्यावर महिन्याभरात एका सकाळी माझा फोन ठणठणला. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून मी धावले. वहिनी ओट्यापाशी उभ्या राहून दोन कपांत चहा गाळत होत्या. मी आधी डबा उघडला. त्या दिवसाचा खण रिकामा.

"गोळी घेतली होती, तर बटण का नाही दाबलं?" मी ओरडलेच.

"दाबलं असतं त तू आली असती का?"

आता आठवड्यातून दोनदा तरी असं होतं. ॲपमध्ये ही खोट आहे आणि माझ्याजवळ त्यावर उपाय नाही. कुठला फोन खरा आणि कुठला चहाचा, हे माझ्या दारातून कळत नाही; म्हणून दर वेळी धावतच जाते.