अजून शिकतोय

आबा गेले तेव्हा मी विमानात होतो. उतरल्यावर निरोप मिळाला. मी धुळ्याला निघालो.

निघताना कंपनीच्या ऑफिसातल्या माणसाने विचारलं, "आजचे राहिलेले तास पुढच्या महिन्यात लावून देऊ ना?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. ते उड्डाणाचे तास मी पैसे भरून घेतलेले होते, ते बुडू नयेत एवढंच त्याला वाटत होतं. मी मान हलवली. वडील वारल्याचं कळलं होतं आणि मला लाज वाटत होती, ती या प्रश्नाची.

खासगी विमान कंपन्या नुकत्याच निघाल्या होत्या. माझ्याकडे लायसन्स होतं, पण प्रत्येकाला अनुभवी वैमानिक हवा होता, आणि अनुभव कुणी द्यायला तयार नव्हतं. एका कंपनीने मार्ग काढला. पैसे भरा, आमच्या विमानात को-पायलट म्हणून बसा, तास मिळवा. आबा धुळ्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर घर बांधायला देवपुरात प्लॉट घेऊन ठेवला होता. तो त्यांनी विकला.

मला गणवेश मिळाला, खांद्यावर पट्ट्या आल्या. शिडीपाशी प्रवासी हात जोडायचे. सामान चढवणाऱ्याला पगार होता, चहा देणाऱ्या मुलीला पगार होता. पैसे भरून आत आलेले फक्त प्रवासी आणि मी.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आबा आणि मी गावी गेलो, एरंडोलजवळ, नानांकडे. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. शेती तेच बघायचे. आखाजीला आमच्याकडे सालदाराचं नवं साल ठरतं. वर्षभराच्या कामाचे पैसे, धान्य, कपडे, सगळं त्या दिवशी बोलून घ्यायचं. ओट्यावर तेच चाललं होतं. जुना सालदार ज्वारीवर अडून बसला होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुनं साल कितलं ठरनं?"

मी आबांकडे पाहिलं. कुणी विचारलं तर पगार आहे म्हणून सांगा, असं मी घरात सांगून ठेवलं होतं.

आबा म्हणाले, "त्याले काही भेटत नही. त्यालेच देनं पडस."

सालदाराला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "इमान हाऊ चालाडस, आनि साल मालक लेस?"

"मंग औंदा तू बी माले साल दे," नाना म्हणाले. "कामना अनुभव भेटी तुले."

"अनुभव बठ्ठा शे मनाकडे, नाना. तुम्ही जवारी द्या."

ओटा हसला. मीही हसलो. आबा हसले नाहीत.

परतताना एस.टी.त आबांनी विचारलं, "तुला शिकवतात का रे तिथे, की काम करून घेतात?"

"दोन्ही," मी म्हणालो.

"शिकवत असतील तर ती फी झाली. फी द्यायला लाजायचं कारण नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "पण मग पगार आहे असं मी सांगणार नाही. शिकतोय म्हणेन."

आणि ते तसंच म्हणत राहिले. गल्लीत, वाचनालयात, शाळेतल्या जुन्या सहकाऱ्यांत कुणी विचारलं की, "अजून शिकतोय." आमच्या गल्लीत ‘अजून शिकतोय’ याचा एकच अर्थ होता. लायसन्स मिळाल्याचे पेढे सगळ्यांनी खाल्ले होते. आता ते पेढे जरा लवकरच वाटले गेले, असं लोकांच्या मनात येऊ लागलं. एकदा मी घरी असताना समोरचे निवृत्त हेडमास्तर आले. मी आतल्या खोलीत वाचत होतो.

"कितव्यांदा बसतोय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

आबांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"जाऊ द्या. आपल्या शाळेतलीसुद्धा किती पोरं ऑक्टोबरच्या परीक्षेला निघाली. ऑक्टोबरला बसवा त्याला."

"हो," आबा म्हणाले.

मी पुस्तकावर डोळे ठेवून बसलो. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांचे निकाल लावलेला माणूस स्वतःच्या पास झालेल्या मुलाला नापास ठरू देत होता, कारण त्याला पगाराची थाप मारायची नव्हती आणि मुलगा पैसे देऊन नोकरी करतो हे गल्लीत सांगायचं नव्हतं. मी बाहेर येऊन हेडमास्तरांना खरं सांगितलं असतं तर ते आबांना आवडलं असतं की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

आबांच्या दहाव्याला तेच हेडमास्तर माझ्याजवळ आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तेवढं शिक्षण पुरं कर, बाळा. मास्तरांचा जीव त्यात अडकला होता."

"करतो," मी म्हणालो.

पैसे भरून घेतलेले तास पुढे संपले. ती कंपनी बंद पडली. मग दुसऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. पहिला पगार झाला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि समोरच्या घरी सांगायला गेली. हेडमास्तर तोवर मुलाकडे नाशिकला राहायला गेले होते. घराला कुलूप होतं.

आता मी पगारावर विमान चालवतो. आई धुळ्यात भाड्याच्याच घरात राहते. आबा नाहीत.