लुगड्याने धरलेली जागा

मार्सेय बंदरात बोट थांबली, पण मी अजून हलतच होतो. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात गाठोडे, डोक्यावर मुंबईत घेतलेली हॅट, जी वारा आला की माझी ओळखच दाखवीत नसे. इथून आगगाडीने एकट्याने फ्रान्स आणि स्वित्झर्लंड ओलांडून जर्मनीतल्या केम्निट्झ शहरी जायचे होते. सोलापुरात आमचा हातमागांचा कारखाना. लुगड्याच्या काठाची नक्षी विणणारे डॉबी नावाचे यंत्र मागावर बसवता येते आणि केम्निट्झला ते नमुन्याबरहुकूम करून देतात, असे वडिलांच्या कानावर आले होते.

तो नमुना गाठोड्यात होता. मल्लय्यामामांनी विणलेले लुगडे. मामा आमच्याकडचे सर्वांत जुने विणकर. घरात तेलुगू, मागावर मराठी, आणि धागा तुटला की दोन्ही भाषांत शिव्या. त्यांच्या काठाची नक्षी दुसऱ्या कुणाला कधी साधली नाही, आणि आता त्यांना दिसेनासे झाले होते. निघताना त्यांनी स्वतः ते लुगडे जुन्या धोतरात बांधून माझ्या हाती दिले.

"धाकलं मालक, ह्ये शेवटचं हाय. डोळं गेलं माजं, आता पुन्ना जमायचं न्हाय. त्या यंत्राला तेवडं शिकवून आना की."

एवढे बोलून ते तंबाखू मळत बसले. मी मात्र त्या दिवसापासून गाठोडे उशाला घेऊन झोपत होतो.

फ्रान्सच्या गाडीत समोर एक जोडपे होते. बाईंनी मला चीज (आंबवलेल्या दुधाची घट्ट वडी) दिले. वास असा, की मी आधी स्वतःचे बूट तपासले. परतफेड म्हणून मी शेंगाची चटणी पुढे केली. नवऱ्याने मोठा चमचा भरून तोंडात टाकला. कशी आहे, असे मी खुणेने विचारले. त्याने डोळे पुसत मान डोलावली आणि उरलेला प्रवास खिडकीबाहेर तोंड काढून केला.

स्विस सरहद्दीवर ट्रंक उघडावी लागली. वर कडक भाकऱ्या (पापडासारख्या वाळवलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या) होत्या. अधिकाऱ्याने एक उचलून टेबलावर आपटली. टेबल चांगल्या लाकडाचे होते म्हणून निभावले. "खायचे आहे," मी इंग्रजीत म्हणालो. त्याने माझ्याकडे, मग माझ्या दातांकडे आदराने पाहिले आणि मला सोडून दिले. पुढे तळी, बर्फाचे डोंगर, गळ्यात घंटा बांधलेल्या गाई. डोंगर इतके स्वच्छ, की कुणीतरी रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत असावे.

घात झाला तो जर्मनीत, शेवटची गाडी बदलताना. त्या स्टेशनाचे नाव उच्चारायचे तर तोंडात गरम बटाटा हवा. फलाटावर ही गर्दी. गाडी आली आणि माझ्यातला सोलापूरकर जागा झाला. आमच्याकडे गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून काहीतरी आत टाकतात. रुमाल, टोपी, प्रसंगी मूल. मग सावकाश दाराने शिरतात. वस्तू पडली ती जागा आपली. माझा हात आपसूक उठला आणि गाठोडे खिडकीतून आत गेले. मी समाधानाने ट्रंक उचलायला वळलो. सोलापूरला गाडी पाणी घेते, चहा पिते, दम खाते. ही गाडी शिट्टी देऊन निघूनच गेली.

स्टेशनमास्तरांना इंग्रजी येत होते.

"तुम्ही सामान गाडीत फेकले?"

"जागा धरली."

"मग बसला का नाहीत?"

त्यांनी पुढे केम्निट्झला फोन केला आणि मला मागून येणाऱ्या गाडीची वाट पाहायला बाकावर बसवले. मला रडू येत होते. मामांची होती नव्हती तेवढी नजर त्या लुगड्यात उतरली होती, आणि मी ते रुमालासारखे भिरकावले होते. मागच्या गाडीत मला बसायला भरपूर जागा मिळाली. मी उभाच राहिलो.

केम्निट्झच्या फलाटावर एक लठ्ठ आजीबाई बाकावर बसल्या होत्या. मांडीवर माझे गाठोडे, शेजारी एक पाद्री आणि बगलेत बदक धरलेला एक शेतकरी. पाद्रीबुवा मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "डब्यात फार गर्दी होती. ही जागा कुणाची तरी आहे, म्हणून कुणी बसले नाही. आम्ही तिघे इथपर्यंत उभे होतो."

"आजींना का बसवले नाही?"

"मी म्हणालो होतो. त्या म्हणाल्या, मालक पुढच्या स्टेशनाला आला तर?"

आजीबाई गुडघे चोळत होत्या. त्या थांबल्या होत्या, कारण एवढ्यांना उभे ठेवणारी असामी कोण, ते त्यांना पाहायचे होते. त्यांनी मला बुटांपासून हॅटपर्यंत न्याहाळले. फारसे समाधान झालेले दिसले नाही. मी लुगडे उलगडून दाखवले, तेव्हा मात्र त्या काठावरून अंगठा फिरवत राहिल्या. मी पाया पडायला वाकलो. माझे काही खाली पडले समजून त्याही वाकल्या, आणि आमची टाळकी आपटली. बदक ओरडले.

कारखान्यातल्या लोकांनी नमुना लावून डॉबी करून दिली. परतताना मी कुठल्याही खिडकीतून काही टाकले नाही, त्यामुळे बराचसा युरोप उभ्याने पाहिला.

सोलापुरात यंत्र मागावर चढले. पहिला काठ निघाला तेव्हा मामांनी त्यावर बोटे फिरवली आणि "बरं हाय" म्हणाले. यंत्राविषयी पुढे काही विचारले नाही. लोक मला आल्प्सचे डोंगर विचारतात, पॅरिस विचारतात. मामा रोज संध्याकाळी येऊन जोत्यावर टेकतात.

"माज्या लुगड्यासाटी कोन कोन हुबं हुतं, ते परत सांगा की."

मी सांगतो. पाद्री, शेतकरी, आजीबाई. मामांचा चेहरा असा उजळतो, की तिघांवर थांबवत नाही. परवा मी एक न्यायाधीश घातला, काल एक सेनापती. आज एक राजा चढवला.

"त्यो बी हुबाच?" मामांनी विचारले.

"उभाच," मी म्हणालो.