कुशाबाचं नाक

उमरठच्या वरच्या वाडीत कुणाकडे पाहुणे आले की पोलादपूरला मटण आणायला कुशाबाला सोबत न्यायचा शिरस्ता होता. खाटीक कितीही गोड बोलला तरी कुशाबा आधी चरबीचा रंग बघणार, मांसात बोट दाबून खळगा भरून येतो का बघणार आणि शेवटी वाकून हुंगणार. हुंगून तो गप्प राहिला, तर खाटीक तो तुकडा मुकाट्याने बाजूला ठेवायचा. सरपंचालाही मिळत नसेल असा मान म्हाताऱ्याला त्या नाकाने दिला होता.

कोरोनाने तेच नाक नेलं. ताप उतरला, पण वास परत आला नाही. कुशाबाने हे आपल्या बायकोला, बयाबाईलाही सांगितलं नाही. वाकून हुंगायचं सोंग चालू ठेवलं आणि नुसत्या डोळ्यांवर, बोटांवर दोन वर्षं निभावली. मान सोडवत नाही हो माणसाला.

वैशाखात मुलगा राजेश बायकोला घेऊन मुंबईहून आला. येताना त्याने सुपरमार्केटातलं पाकीटबंद मटण आणलं. हायवेवर गाडी पाच तास अडकली, डब्यातल्या बर्फाचं पाणी झालं; पण पाकिटावरची तारीख उलटली नव्हती. बयाबाईने पाकीट फोडलं, नाक मुरडलं आणि थाळी घेऊन ती ओटीवर नवऱ्याकडे आली.

"वास येतो हाय जरा. बगा तुमी."

कुशाबाने बोट दाबलं. खळगा भरला की नाही, नीट कळेना. मला वास येत नाय, एवढंच म्हणायचं होतं. पण समोर मुलगा उभा होता, सून उभी होती. त्याने थाळी नाकाशी नेली आणि छाती भरून श्वास घेतला.

"प्लास्टिकचा वास हाय तो. शिजव."

"तुमी हुंगलाव ना, मंग झाला," म्हणत ती चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच उलट्या-जुलाब झाले. बाकीचे सावरले. बयाबाई महाडला नेईपर्यंत पार गळाली आणि तिसऱ्या दिवशी गेली.

वाडीने त्या पाकिटाला शिव्या घातल्या. कुशाबाला कुणी बोल लावला नाही आणि तेच त्याला सोसवेना. तेराव्यानंतर राजेश सुपरमार्केटविरुद्ध तक्रार लिहायला बसला. त्याने विचारलं, "बाबा, तुम्ही हुंगलंत तेव्हा खराब वास नव्हता, असं लिहू ना?"

"लिव, बापाला दोन वरसं कसलाच वास येत नाय," कुशाबा म्हणाला. "तुजी आयस मला इचारून शिजवाया गेली."

राजेशने कागद तसाच ठेवला आणि तो अंगणात निघून गेला.