मोठ्या डॉक्टरांकडे: रोहणा ते वर्धा, छोट्या गाडीने

रोहण्याहून वर्ध्याला जायचं तर आता एसटी किंवा जीप बघावी. मी सांगतेय तो प्रवास ऐंशी-एक्क्याऐंशीच्या सुमाराचा, आर्वी-पुलगावच्या छोट्या गाडीचा. ती गाडी बंद झाली, तेव्हा या पोस्टवरून कुणी वेळापत्रक काढायला जाऊ नये. पण त्या रुळांवरून एकदा तरी जायचं होतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी लिहितेय.

पाच वर्षांची असताना माझा डावा पाय कापसाच्या बंडीखाली, म्हणजे बैलगाडीखाली, आला. हाड जुळलं, पण गुडघ्याजवळ ते वाढायचंच विसरलं. उजवा पाय मात्र शहाण्यासारखा वाढत राहिला. म्हणून दर सहा महिन्यांनी वर्ध्याजवळच्या दवाखान्यात, लहान मुलांच्या विभागात जायचं. डाव्या पायाखाली लाकडी फळ्या ठेवत कंबर सरळ आणायची आणि तेवढा बुटाचा तळ जाड करून घ्यायचा. मी वाढायची तसा बूटही वाढायचा. निघताना मी सिस्टरांना "येतो" म्हटलं (आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात) की आई दंडाला चिमटा काढायची. घरातून निघताना 'जातो' म्हणू नये आणि दवाखान्यातून निघताना 'येतो' म्हणू नये, हा तिचा कायदा होता.

पंधराव्या वर्षी सिस्टर म्हणाल्या, "बबे, मोठी झाली आता तू. पुढच्या टायमाले मोठ्याइच्या डॉक्टरकडे जाजो."

आईने गावभर सांगितलं की पोरीला मोठ्या डॉक्टरकडे पाठवलंय. मोठा डॉक्टर म्हणजे नक्कीच पाय सारखा करणार. बाजाराच्या दिवशी तिने लाल पट्ट्यांच्या सपाट चपला आणल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवल्या आणि मला म्हणाली, "येताना ह्याच घालजो." त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायला हवं, पण मी ढाराढूर झोपले.

सकाळी स्टेशनवर धुकं होतं. गाडीचा आवाज आधी आला आणि गाडी बऱ्याच वेळाने. ती एका बाजूला झुकत, एका बाजूला सावरत चालायची. मला ती लहानपणापासून माझ्यासारखीच लंगडी वाटायची, आणि म्हणून आवडायची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, धुक्यात जमीन कुठे संपते ते कळत नव्हतं. आपण पांढऱ्यातून पांढऱ्यात चाललोय, असं वाटत होतं.

समोरच्या बाईने विचारलं, "कुठी चाल्ल्या बाई?"

"वर्ध्याले. पोरीले मोठ्या डॉक्टरले दाखवाले," आई म्हणाली.

"काऊन, का झालं तिले?"

आईने बंडीपासून सुरुवात केली. मी खिडकीला डोकं टेकून परतीचा प्रवास बघत होते. लाल चपला घालून मी फलाटावर उतरतेय, बुटाचा ठक आवाज नाही आणि त्यामुळे कुणी मान वळवून बघत नाही. एवढंच स्वप्न मी पुलगावपर्यंत पुन्हा पुन्हा पाहिलं.

पुलगावला गाडी बदलायची. मधल्या वेळात फलाटावरचे आलूबोंडे खाल्ले, ते खायलाच हवेत असे होते. घरची भाकरी आईने परतीसाठी राखली. वर्ध्याला उतरून सायकलरिक्षा केली. पायी गेलो असतो, पण आई म्हणाली, आज नको, आज पाय दमवू नको.

दवाखान्यात पाय सवयीने लहान मुलांच्या व्हरांड्याकडे वळले. तिथल्या भिंतीवर एक ससा रंगवलेला होता, त्याचा एक कान मीच खरवडून काढला होता. आईने हात धरून पलीकडे नेलं. तिथे ससा नव्हता. बाकावर म्हातारी माणसं बसली होती आणि त्यांच्यात मी.

आत तरुण डॉक्टर होते. "या, बसा," ते म्हणाले. मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

"तुम्हाला कुठे दुखतं?"

"तिचा ना जी, गुडघा..." आई सांगू लागली.

"त्यांनाच सांगू द्या, आई."

दहा वर्षं माझा पाय कुठे दुखतो ते आईनेच सांगितलं होतं. मी म्हणाले, "पाठ दुखते. संध्याकाळी." आईने माझ्याकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

तपासणी झाली, फळ्या ठेवून झाल्या. मग आईने हळूच विचारलं, "मोठे डॉक्टर कधी येतीन?"

"कोण मोठे?"

"सिस्टरनं सांगतलं ना, मोठ्या डॉक्टरकडे जा म्हणून."

ते हसले नाहीत. "मोठ्या माणसांचा डॉक्टर, तो मीच." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची वाढ पूर्ण झाली. पाय आता एवढाच राहील. उंच तळ जन्मभर लागेल. वर्षातून एकदा या, गुडघा आणि पाठ बघत राहू."

मला रडू आलं. आई पिशवी छातीशी धरून बसली होती. ती पिशवी मी ओढून घेतली, वर्तमानपत्र सोडलं आणि चपला टेबलावर ठेवल्या. दवाखान्यात मी स्वतःहून विचारलेली ती पहिली गोष्ट. "याले लावता येते का?"

डॉक्टरांनी डावी चप्पल वाकवून पाहिली. "मागे पट्टा लागेल. पण येईल की."

बूट करणारे काका मागच्या खोलीत बसायचे. "लहानपणापासून येऊन राह्यली, बोलली काऊन नाई?" म्हणत त्यांनी काळं रबर कापायला घेतलं. दुपारभर आम्ही बाहेर बसलो, आईच्या मांडीवर माझा जुना बूट होता. चप्पल हातात आली तेव्हा एक काळी उंच, एक सपाट, आणि दोन्हींचे पट्टे लाल. चालताना आवाज व्हायचाच, पण ठक नव्हे, थप.

निघताना मी डॉक्टरांच्या दारात थांबले आणि म्हणाले, "येतो."

आईचा हात सवयीने दंडावर आला, पण चिमटा बसला नाही. हात तिथेच राहिला, रिक्षात बसेपर्यंत.

त्यानंतर दरवर्षी गेले, आजही जाते. डॉक्टर बदलले, छोटी गाडी गेली, चपला तर किती झाल्या. सारख्या पायांचं ते स्वप्न धुक्याच्या दिवसांत अजून पडतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडतं. पण त्या प्रवासातून खरं काय घरी आलं, ते मी नाही, आईने सांगितलं. त्या संध्याकाळी अंगणात पाय ठेवला तर शेजारची काकू वाटच बघत होती.

"का म्हने मोठे डॉक्टर?"

आईने माझ्या चपलांकडे पाहिलं. "पाय तेवढाच राहीन म्हने," ती म्हणाली. "पोरगी मोठी झाली."