सारवायला जमीन उरली नाही

पत्रक मीच वाटलं होतं. महाडला आमच्या संघटनेने छापलेलं, गुलाबी कागदाचं: 'गरोदर बाईला वाकवू नका. तिला विश्रांती द्या.' पोलादपूरच्या बाजारात घसा बसेपर्यंत ओरडले, आणि मग आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी आमच्या वाडीत येऊन ते स्वतःच्या घरात लागू केलं. वहिनीला आठवा सरत होता. तिच्या हातातला शेणाचा बोळा मी हिसकावून घेतला. भावाने मुंबईहून आणलेली कापडी आरामखुर्ची ओटीवर मांडली आणि तिला रेलून बसवलं. आई मध्ये बोलली, तर तिच्याशी भांडले. तीन आठवडे वहिनी तशीच पडून होती. मला वाटलं, सुधारणा झाली.

मग सुईण पोट बघायला आली. दोन्ही कुशींवर हात ठेवून चाचपत राहिली.

"प्वार आडवं हाय. असंच राह्यलं तर माज्या हातात काय नाय."

"मग कोणाच्या हातात आहे?" मी चिडून विचारलं.

"तुज्या खुर्चीला इचार गो."

कुणी हसलं नाही. आदल्या साली वरच्या वाडीतली एक बाई आडव्या मुलापायी डोलीतच गेली. एस.टी.च्या रस्त्यापर्यंतसुद्धा पोचली नाही. एवढ्या डोंगरात एक नर्स नाही, आणि आम्ही कागद वाटत फिरतो!

सुईण वहिनीला म्हणाली, "उठ. हाताढोपरांवर हो नि सारव. सकाळ-संध्याकाळ. पोट खाली लोंबलं म्हंजे त्याला फिराया जागा व्हईल."

पहिल्या दिवशी माजघर, ओटी, पडवी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी जमिनीचे पोपडे निघू लागले. मग शेजारणी दारात आल्या.

"आमची पडवी घे गो, माजी कंबर धरलीय."

"नि माजं सैपाकघर! फुकटची मोलकरीन परत कवा मिळायची?"

वहिनी हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिच्या शेजारी ओणवी होऊन सारवत होते. रोज संध्याकाळी सुईण हात लावायची नि मान हलवायची. नाय.

"वन्सं," वहिनीने एकदा विचारलं, "छापलेलं खोटं कसं असंल?"

खोटं नव्हतं. नवव्या महिन्यातही जिच्या डोक्यावर भाताचा भारा देतात, तिच्यासाठी ते खरंच होतं. पण लिहिणाऱ्याने कधी पोटाला हात लावला नव्हता. वाटणारीनेही नाही. मला तिच्याकडे बघवेना.

नवव्या दिवशी वाडीतली घरं संपली. भाताच्या झोडणीसाठी खळी तयार करायची होती, ती आम्ही मागून घेतली. तिसऱ्या खळ्यावर वहिनी एकदम थांबली, दोन्ही पंजे शेणात.

"वन्सं, आतनं कायतरी सरकलं."

मी धावत सुईणीला आणलं. तिने तिथेच, उन्हात, पोट चाचपलं.

"फिरलंय. डोस्कं खाली."

सारवल्याने फिरलं की आपसूक, मला ठाऊक नाही. मी मटकन खाली बसले.

"बसते काय? पोटात जागा हाय अजून, उद्या परत आडवं व्हईल. कळा येईस्तवर थांबायचं नाय."

कळांना दोन आठवडे तरी होते. खळं ओलं होतं, मागची दोन्ही ओली होती, आणि वाडीत हातभर जमीन उरली नव्हती. मी तसेच शेणाचे हात घेऊन खालच्या वाडीकडे निघाले, कुणाच्या घरी सारवायचं राहिलंय का, ते दारोदार विचारायला.