बोक्यावर घेतलेला आळ

मी एका म्हाताऱ्या बोक्यावर खोटा आळ घेतला होता, आणि तोही मुताचा. आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुम्ही माझी बाजू घ्यायची चूक करणार नाही.

तेव्हा मी सहासष्ट वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता. दात माझे होते, गुडघे माझे होते, आणि तोरा तर जन्मापासूनच माझा. जुईनगरच्या आमच्या सोसायटीतल्या बायकांनी त्या श्रावणात मंगळागौरीचे खेळ बसवायचं ठरवलं. तालमी आमच्या हॉलमध्ये, कारण हॉल मोठा आणि सून दिवसभर ऑफिसात. पस्तिशी-चाळिशीच्या पोरी दोन फुगड्या घालून धापा टाकायच्या. मला राहवेना. "सरका गं," म्हटलं, पदर खोचला आणि बसफुगडी घालून दाखवली. बसल्या बसल्या आठ-दहा उड्या. पोरी टाळ्या वाजवताहेत, मी अजून एक मारतेय, अजून एक मारतेय, आणि शेवटच्या उडीला मला कळलं की खालून काहीतरी सुटलंय.

घाईघाईने दिवाणावर जाऊन बसले. वाटलं, बसलं की थांबेल. तेवढ्यात कुणीतरी विनोद केला, मी हसले, आणि उरलंसुरलंही गेलं. इतकी वर्षं ज्या देहाला उपास घडवले, सूर्यनमस्कार घडवले, त्यानं असा भर सभेत दगा द्यावा! दिवाणाचं कव्हर फिकट पिवळं होतं. ओला डाग ताटलीएवढा झाला, मग परातीएवढा.

माझ्या शेजारी बोका झोपला होता. चौदा वर्षांचा, करडा, एक कान फाटलेला. तो आमच्या ह्यांचा. आंबे आणायला मार्केटात गेले होते आणि रिकाम्या पेटीत हे पिल्लू घेऊन आले होते. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली होती. ते दुपारी ज्या कोपऱ्यात आडवे व्हायचे, त्याच कोपऱ्यात तो निजायचा.

मी ताडकन उठले आणि डागाकडे बोट दाखवलं.

"अगं बाई! ह्या मेल्यानं काय केलंन बघा! माझी साडीसुद्धा भिजवलीन!"

बोक्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, परत मिटला. आमच्या शेजारीणबाई साताऱ्याकडच्या. त्यांना त्याची फार दया आली.

"म्हातारं झालं ओ काकू," त्या म्हणाल्या. "आता न्हाई धरवत त्याला."

"हो ना," मी म्हटलं. "धरवत नाही."

इतकं सोपं होतं ते. खोटं पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते म्हणतात. माझी नाही अडखळली. आणि मग सवयच लागली. गणपतीत मला खोकला झाला. दर चार दिवसांनी बोका कुठेतरी 'घाण' करू लागला. दिवाणावर, आरामखुर्चीवर, एकदा तर गादीवर. नात तेव्हा होस्टेलवर होती. ती घरी असती तर मी दुसऱ्याच दिवशी पकडली गेले असते.

डॉक्टरकडे का गेले नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घराण्यात बायकांना पोट दुखतं म्हणायची मुभा होती. त्याच्याखाली काही दुखतच नसे. माझ्या सासूबाईंनी हे असलं सगळं जुनेऱ्यात गुंडाळून पार पाडलं असणार, मीही तेच करत होते. पाणी कमी प्यायचं, जुन्या साडीची घडी लावायची, आणि वेळ आलीच तर बोक्याकडे बोट करायचं.

शेवटी मुलगा वैतागला. "आई, असं नाही चालणार. दार उघडलं की वास येतो. माणसं घरी बोलवायची सोय राहिली नाही."

शेजारीणबाईंनी तोडगा काढला. त्यांचे दीर धान्य बाजारात माथाडी कामगार. "गोदामात उंदरं हायत पायलीभर," त्या म्हणाल्या. "पोत्यावर झोपंल, खाईल, ऱ्हाईल. काय टेन्शन न्हाई." मुलाला पटलं. दसरा झाला की बोक्याला गोदामात पोचवायचं ठरलं. चौदा वर्षं पंख्याखाली झोपलेला, एकीकडचे दात पडलेला बोका तिथे उंदीर मारणार होता.

हे सगळं माझ्यासमोर ठरलं. मी मेथी निवडत बसले होते. एकच वाक्य बोलायचं होतं, ते तोंडात आलंही होतं. मी ते गिळलं आणि पुढची जुडी सोडली. सुनेने माझ्याकडे पाहिलं. तीही काही बोलली नाही.

नवरात्रात बोका खरोखरच बिघडला. वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, कण्हायचा, तसाच बाहेर यायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. मग ट्रे सोडून बाथरूममध्ये मोरीजवळच्या गार लादीवर बसायला लागला. सारखा मागे चाटायचा. मला वाटलं, उन्हाळी लागली असेल, लघवीला जळजळत असेल. माणसांना लागते तशी. म्हणून मी धने-जिऱ्याचं पाणी चमच्याने पाजलं त्याला. अर्धं माझ्या अंगावर उडवलं त्यानं, अर्धं गिळलं, आणि मी समजले आता उतार पडेल.

अष्टमीच्या सकाळी मला मोठी शिंक आली आणि दिवाण पुन्हा ओला झाला. बोट आपोआप उठलं. मुलगा चरफडला, पण बोका दोन दिवस जेवला नव्हता हे त्याच्याही ध्यानात आलं होतं. त्याने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"लघवी होतेय का त्याला?" त्यांनी पहिलाच प्रश्न केला.

"होतेय का काय विचारता? आत्ताच दिवाण भरून केलीय."

"मग ठीक आहे. होत नसती तर तासाभराचाही उशीर करू नका म्हटलं असतं. बोक्यांचा मार्ग बारीक असतो, खडा अडकला तर जिवावर बेततं. होतेय ना? मग उद्या आणा."

मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. शब्द न् शब्द ऐकला. पोळी तव्यावर करपली.

दोघं कामावर गेली. घरात मी आणि बोका. तो मोरीजवळ बसून असा ओरडत होता की तसं ओरडणं मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पोटाला हात लावला, तर आत संत्र्याएवढा टणक गोळा. तो फिस्कारला माझ्यावर. चौदा वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं लागलं ते! म्हटलं, बघा, ज्याला भरवलं तोच उलटला. म्हणजे माझ्या खोटेपणामुळे तो मरायला टेकला होता, आणि दगा मला झाला असं मला वाटत होतं. ही सहासष्टीतली मी.

त्याला नेलं की डॉक्टरीणबाई विचारणार, सकाळी दिवाणावर केली ना? मग मी काय सांगणार? तासभर बाथरूमच्या उंबऱ्यावर बसून मी एका पारड्यात माझी अब्रू आणि दुसऱ्यात त्याचा जीव ठेवून बघत होते. खरं सांगते, अब्रूचं पारडं खाली होतं. मग त्याला उलटी झाली. पिवळं पाणी, आणि त्या पाण्यातच तो मान टाकून पडला.

मी त्याला धुण्याच्या टोपलीत घातला, वरून ह्यांची जुनी लुंगी बांधली आणि रिक्षाने नेरुळला नेला. रिक्षावाला म्हणाला, "आजी, भाजी हलतेय." मी लुंगीची गाठ आणखी आवळली.

डॉक्टरीणबाई माझ्या नातीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी पोट चाचपलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा तर पूर्ण ब्लॉक आहे. सकाळी तर फोनवर म्हणाले, दिवाणावर केली?"

बाकावर एक कुत्रेवाले गृहस्थ बसले होते. पोपटाचा पिंजरा घेऊन एक बाई होत्या. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"ती माझी होती," मी म्हटलं.

"काय?"

"दिवाणावरची. ती माझी. दोन महिने माझीच आहे."

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. "गुंगी देऊन नळी घालावी लागेल," म्हणाल्या. "तीन दिवस इथे राहील. किडनीवर किती ताण आलाय ते रक्त तपासल्यावर कळेल. सकाळीच आणायला हवा होता." आणि आत जाता जाता थांबल्या. "आजी, त्याला मी आहे. तुम्ही कुणाला दाखवताय?"

घरी येऊन मी एवढंच सांगितलं की खडा अडकला होता. मुलगा कानकोंडा झाला. "आणि मी त्याला गोदामात टाकायला निघालो होतो," म्हणाला. "बिचाऱ्याला दुखत होतं म्हणून तो जागा सोडून करत होता. आई, तू होतीस म्हणून वाचला." बोका जाणार होता ते रद्द झालं. आणि मी? मी ते कौतुकही घेतलं. दुसऱ्यांदा चहासुद्धा घेतला.

बोक्याचं पुढचं इथेच सांगून टाकते. तो वाचला, पण किडन्या अर्ध्याच उरल्या. आणखी दोन वर्षं जगला. खोलगट ट्रे काढून बुटक्या काठाचा आणला, पाण्याच्या वाट्या तीन ठिकाणी ठेवल्या, खाणं ओलं दिलं. माझंही औषध आणि व्यायाम सुरू झाले. दोघांच्या पाण्याच्या वेळा फ्रीजवर एकाच कागदावर असायच्या. मात्र दिवाणावर तो परत कधी निजला नाही. सुनेच्या पायाशी जाऊन बसायचा. मी हाक मारली की फाटका कान तेवढा वळवायचा, तोंड नाही. फितूर झाला मेला, असं मी सगळ्यांना सांगत असे. माझा राग खरा होता, एवढंच त्यातलं खरं.

पण मला सांगायचीय ती तो दवाखान्यात असतानाची तिसरी सकाळ. दिवाणावर बसून वर्तमानपत्र उघडलं, ठसका लागला, आणि पुन्हा तेच. सून चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून आली. मी उभी राहिले. बोट उठलं.

"बघितलंस? ह्या मेल्यानं परत..."

बोट हवेतच राहिलं. दिवाणाचा कोपरा रिकामा होता. बोका पुढच्या स्टेशनावर, नेरुळला, पिंजऱ्यात, नळी लावून पडला होता.

सुनेने कप टीपॉयवर ठेवला आणि उश्या बाजूला करून कव्हर काढायला घेतलं. तिच्या हालचालीत जराही नवल नव्हतं. तेव्हा मला कळलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?"

"गणपतीपासून," ती म्हणाली. "बोक्याचा वास नाकात झोंबतो, आई. तो वेगळा असतो. कपडे मशीनला मीच लावते ना."

मला जो राग आला! पकडलेल्या चोराला येतो तो. माझ्याच घरात, माझ्या हातच्या पोळ्या खाऊन, ही महिनाभर सगळं जाणून गप्प होती. "म्हणजे मनात हसत होतीस मला!"

"नाही हसले."

"मग त्याला गोदामात पाठवायचं ठरलं तेव्हा तोंड का नाही उघडलंस? तुझा नवरा फोनवर डॉक्टरीणबाईंशी बोलत होता तेव्हा? अगं, मेला असता तो!" मी ओरडत होते. कुणी बाहेरून ऐकलं असतं तर वाटलं असतं, सगळं हिनेच केलंय. दवाखान्यात मी सगळ्यांसमोर खरं बोलले होते, हे तिला माहीत नव्हतं; आणि ते आता सांगायला तोंड नव्हतं, कारण मी ते एक तास उशिरा बोलले होते.

तिने ओलं कव्हर नीट घडी करून काखेत धरलं. डोळे तिचेही भरले होते.

"तुमची लाज राखायची म्हणून गप्प बसले, आई," ती म्हणाली. "मला वाटलं, त्याच्यासाठी तरी तुम्ही बोलाल."